हसरा फोटो

“कुंदाताई, तुमचा एक हसरा फोटो पाठवा ना,” मालिकेच्या सेटवरून फोन आला.

मालिकेत सासूचा हसरा फोटो लागतो तो भिंतीवर हार घालायला, हे कुंदाताईंना कुणी सांगायला नको होतं.

चहा निवला, तरी त्यांच्या येरझाऱ्या थांबेनात. सगळे अल्बम उपसून झाले. नाटकात विधवा, सिनेमात हिरोची खोकणारी आई, आता ही सोशिक सासू. जन्म रडण्यात गेला. हसरा फोटो असणार कुठून?

“काढ बाई तूच,” त्यांनी मुलीच्या हातात मोबाइल कोंबला.

“आई, हस की!”

हसू येईना. मग एकदम मालिकेतली सून आठवली. ग्लिसरीन घालूनही तिच्या डोळ्यांत टिपूस येत नसे. आता या फोटोपुढे तिला रडावं लागणार!

कुंदाताई खदखदून हसल्या.