राजीखुशीनं

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" सासरच्यांचे वकील, वीरधवल, न्यायमूर्तींचा आवाज काढून म्हणाले.

"नाही," अंकिता म्हणाली.

"खाली बघून नको, ताई. सोमवारी कोल्हापूरला समोर हायकोर्टाचे साहेब असतील, मी नाही."

ती वर बघत होती, पण नजर खिडकीकडे जायची. खाली साताऱ्याच्या पोवई नाक्याच्या गर्दीत सासरची गाडी उभी होती. मागच्या सीटवर सासूच्या मांडीत तिची ओवी. जत्रेला म्हणून उंब्रजला नेलेली पोर, जत्रा उलटून महिना झाला तरी परत आली नव्हती. अंगात अनोळखी फ्रॉक. केस कापलेले.

"सोमवारी केस मिटली की पोर तुज्या दारात," शेजारी बसलेले सासरे, आप्पासाहेब, बडीशेप चघळत म्हणाले. "शिकलेली हायस. कुणालच्या नावानं फिर्याद देताना बरं तोंड उघडलं हुतं."

"साताऱ्याच्या कोर्टात नाही का मिटत?" तिनं वकिलांना विचारलं. तेवढाच ओवीला बघायला वेळ मिळेल म्हणून.

"नवऱ्यानं छळ केल्याचा गुन्हा तिथं संमतीनं मिटत नाही. म्हणून हायकोर्ट." वकील खुलले. "त्यांचे अंगभूत अधिकार असतात. कायद्यानं दिलेले नव्हेत, कोर्ट आहे म्हणूनच असलेले. न्यायासाठी लागेल ते करता येतं. अख्खा गुन्हा रद्द!"

"लागेल ते?"

"लागेल ते."

"मग आईची पोर आईला द्या, असंही सांगता येईल त्यांना?"

आप्पासाहेबांचं बडीशेप चघळणं थांबलं. वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

"येईल की. पण पोर कुठं आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं."

"सांग की," आप्पासाहेब उठत म्हणाले. "न्हाई कोण म्हनतंय? पोर आता लय बोलाय लागलीया. आयचं नाव तेवढं काडत न्हाई. बारकी लेकरं, इसरत्यात."

ते खिडकीशी गेले. खाली बघून त्यांनी नुसता हात हलवला. गाडी चालू झाली.

"पुन्हा एकदा घेऊ," वकील म्हणाले. "तुमच्यावर कुणाचा द..."

"नाही, साहेब! मी राजीखुशीनं आलेय." वर बघून, खणखणीत.

वकिलांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"प्रश्न तरी पुरा होऊ द्या, ताई."