पांढरी फुली

सहा महिने पोटाला चिमटा काढून घेतलेला काळा डिझायनर कोट घालून येबिन सोलच्या फॅशन वीकच्या दारात उभी होती. तासाभराने एका मासिकाचा फोटोग्राफर एकदाचा तिच्यापाशी थांबला.

तेवढ्यात गर्दीतून तिची आई धापा टाकत आली. पलीकडच्या चढावरच्या शिलाई कारखान्यातून कपड्यांचा गठ्ठा पोचवायला निघालेली, ॲप्रनला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"अगं, थांब जरा! पाठ कर बघू इकडे."

"ओळखीच्या आहेत?" फोटोग्राफरने विचारलं.

"छे हो!" येबिनने मान वळवली. "काकू, काय हवंय तुम्हाला?"

आई कमरेत वाकून म्हणाली, "माफ करा हं. लांबून माझ्या लेकीसारख्या दिसलात."

ती बाजूला झाली. फोटोग्राफरने येबिनला पाठमोरी चालायला लावून फोटो काढला.

महिन्याभराने मासिक आलं. पानभर फोटो! नव्या कोटाच्या मागच्या कटावर तात्पुरती घातलेली पांढऱ्या दोऱ्याची फुली अंगावर चढवण्याआधी कापून टाकायची असते, हे शिवणारणीच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं. येबिनच्या कोटावर ती तशीच होती, ठसठशीत.

 

आणि फोटोच्या कडेला, जराशा धूसर, त्या ‘काकू’ उभ्या होत्या. हातात दोरे कापायची छोटी कात्री घेऊन.