गिरणीतला कागद

नेहमीची गिरणी बंद होती, म्हणून विनया पहिल्यांदाच पलीकडच्या आळीतल्या गिरणीत आली होती. तांदळाचा डबा काट्यावर ठेवून ती बाकावर टेकली. रानभाज्यांवरचं तिचं ईमेल पत्रक दर रविवारी निघायचं, पण वाचक काही वाढत नव्हते. ओळखीपाळखीच्यांच्या हातापाया पडून झालं होतं. या रविवारी कंटाळून तिने काही पाठवलंच नाही.

समोर खिळ्याला पिठाने माखलेले कागद अडकवले होते. तिने सहज पाहिलं. टाकळ्याची भाजी. तिनेच लिहिलेली.

"वाचा की दळण होईस्तोवर," गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवर येतं, मी छापून लावते. अख्खी आळी इथेच वाचते. प्रत्येकीने कशाला वेगळं मागवायचं?"

"लिहिणारीचं नाव नाही?"

"असतं खाली. आमचे सदस्य व्हा, मैत्रिणींना सांगा, असलं रडगाणंही असतं. तेवढ्यासाठी दुसरा कागद जातो, म्हणून ते छापतच नाही."

त्या रडगाण्यावरच विनयाचा सगळ्यात जास्त वेळ जायचा.

"या खेपेला आलंच नाही बघा," दळणासाठी थांबलेल्या एक मावशी कुरकुरल्या. "शेवळं खाजू नयेत म्हणून काय घालायचं ते सांगणार होती. मी आणून ठेवलीत."

"चिंच घाला भरपूर," विनया दमल्या आवाजात म्हणाली.

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"असू दे बाई. कागद आला की बघते."