कप्तानाची वटवाघळं

वडाखाली बॅन्ड वाजायला लागला, तेव्हा आत्माराम पिंपातलं खताचं पाणी ढवळत होता. काठी हातातच राहिली. ट्रम्पेटची पहिली किंकाळी निघाली आणि झाडावरची सगळी वटवाघळं भरदुपारी एकदम उठली. साऱ्या आगाशी गावावर सावली पडली. बायकांनी उन्हात वाळत घातलेली सुकेळी पाऊस आला म्हणून धावत आत नेली, असं अजून सांगतात.

आत्मारामची सगळी राजेळी केळ त्या वटवाघळांच्या जिवावर उभी होती.

वड गावकीचा, बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरचा. त्याच्याखाली रोज वटवाघळांच्या लेंड्यांचा सडा पडायचा. आत्माराम तो गुपचूप झाडून आणायचा, शेण, गूळ आणि कुजका पाला घालून पिंपात भिजवायचा, रोज ढवळायचा आणि मुरलं की ते काळं पाणी धोतराच्या फडक्यानं गाळून केळीच्या बुंध्याशी ओतायचा. मग केळ्यांचं लोंगर असं धरायचं की टेकू दिला तर टेकूच वाकायचा. आगाशीच्या प्रदर्शनातली पहिल्या नंबरची ढाल सालोसाल त्याच्याच ओटीवर.

पण झाड गावकीचं, म्हणजे लेंड्याही गावकीच्या. कुणाच्या ध्यानात आलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गाव टोपली घेऊन हजर झाला असता. म्हणून आत्मारामने वडावर एक भूत बसवलं. साधंसुधं नाही, फिरंगी कप्तान! किल्ल्यातल्या लढाईत मुंडकं हरवलेला आणि ते शोधत वसईहून आगाशीला चालत आलेला. मुंडकंच नाही, तर रस्ता कसा दिसला, हे कुणी विचारलं नाही. पिंपाचा वास सुटला की आत्माराम नाक दाबून म्हणायचा, "कप्तान जवळपास आहे."

"मग त्याला एकदा आंघोळ घाला," त्याची बायको सुभद्रा म्हणायची. पण घरातच. ढाल तिलाही आवडायची.

गाव वडाला वळसा घालून जायला लागला. शेजारच्या वाडीतला सॅन्टनसुद्धा. सॅन्टनचं दुखणं वेगळंच होतं. वटवाघळं रात्रभर त्याचे चिकू खायची आणि दिवसा आत्मारामसाठी खत करायची. प्रदर्शनात सॅन्टनची केळी कायम दुसरी.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सॅन्टन वडासमोर उभा राहिला. मेणबत्ती लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "कप्तान, माझ्या ॲन्सेल्मला दुबईची नोकरी दे! तुझ्यासमोर बॅन्ड लावतो!"

आत्माराम घरी जाऊन पोट धरून हसला. आपण बसवलेल्या भुताला शेजारी नवस बोलतो, याहून माणसाला काय हवं? आणि नवस पावलाही. गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल असा ॲन्सेल्म विरारच्या बसमध्ये चढला. रेजिना, त्याची आई, पदरात तोंड लपवून रडत होती. खांदे मात्र हसल्यासारखे हलत होते.

आणि आज बॅन्ड आला होता.

आत्माराम काठी टाकून धावला. "बंद करा! कप्तानाला गोंगाट चालत नाही!"

"फिरंगी माणूस, आणि बॅन्ड नको?" रेजिना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काय बोलता आत्मारामभाऊ! वसईत बॅन्ड आणला कोणी? तुमच्या आज्यानं?"

लोक खो-खो हसले. आता कप्तान नाहीच म्हणावं, तर लेंड्या गेल्या. आहे म्हणावं, तर बॅन्ड आला. आत्माराम विचार करतोय तोवर कुणीतरी त्याच्या हातात नारळ ठेवला. "पहिला मान तुमचा. कप्तान आधी तुम्हालाच दिसला."

मान म्हटल्यावर आत्मारामचा हात आपोआप वर गेला. नारळ फुटला.

मग काय विचारता! कुणाला कुवेत हवं, कुणाला जावई, कुणाला एसटीत कंडक्टरकी. दर रविवारी बॅन्ड, फटाक्यांच्या माळा. आगाशीचा बॅन्ड पुरेना, तेव्हा पापडी गावाहून मागवला. एकाने कप्तानाला हॅट वाहिली. ती ठेवायची कुठे, यावर गावात दोन तट पडले. आत्माराम छाती काढून नारळ फोडत राहिला आणि वडावरची वटवाघळं विरळ होत गेली. एका सकाळी झाडाखाली सडा होता तो नुसता करवंट्यांचा आणि फटाक्यांच्या कागदांचा.

पिंप कोरडं पडलं. पुढच्या हंगामात राजेळी अशी लागली की सुभद्रा म्हणाली, "अहो, ही केळी की गवारीच्या शेंगा?"

ढाल सॅन्टनच्या ओटीवर गेली.

ती बघायच्या निमित्ताने आत्माराम शेजारी गेला. ढाल राहिली बाजूला, त्याच्या नाकाने त्याला सरळ मागच्या दारी नेलं. तो वास त्याला झोपेतही कळला असता. कोपऱ्यात पिंप, पिंपात काठी. पलीकडे सॅन्टनची जुनी चिंच. तिला पानं कमी आणि वटवाघळं जास्त. मुलगा परदेशी गेला, तरी चिंचेखालची जमीन लख्ख झाडलेली.

"सॅन्टन," आत्माराम घसा खाकरून म्हणाला, "टोपलीभर मलाही दे की रे. शेजारी ना आपण?"

सॅन्टन आडवा उभा राहिला. "पुढं नको येऊ रे बाबा. कप्तान आता इथं राहायला आलाय. त्याला बॅन्ड चालत नाय, आणि परका माणूस तर बिलकूल नाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुला सांगितलं त्यानंच."

चिंचेमागे इतका वेळ चाललेला खराटा थांबला. डोक्यावर लेंड्यांची टोपली आणि डोळ्यांवर गॉगल, असा ॲन्सेल्म बाहेर आला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, काका. आमच्या दुबईत वटवाघळं झोपलीत."