जसाच्या तसा सेट

बेल वाजली तेव्हा शमशुद्दीनभाई टीव्हीचं शटर ओढत होते. जुना टीव्ही, सागवानी पेटीचा, दोन्ही बाजूंनी सरकणारं लाकडी शटर असलेला. आत काच होती, काचेमागे पाणी होतं आणि पाण्यात सात मासे होते. डावं शटर आलं, उजवं अडलं. त्यांनी गुडघा लावून ते कसंबसं बंद केलं, पेटीतला दिवा विझवला आणि ओले हात शर्टाला पुसले.

"सच बोल दो ना जी," कमरजहां स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला म्हणाली. "खाणार आहेत का त्या तुम्हाला?"

"तू चहा टाक."

दारात आनंदीबाई उभ्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई, दोन बस बदलून धायरीहून विश्रांतवाडीला आलेली. टीव्ही त्यांचाच होता. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तो शमशुद्दीनभाईंच्या दुकानात दुरुस्तीला टाकला आणि परत नेलाच नाही. गुरुवारी अचानक फोन आला, "आमचा सेट अजून आहे का हो?" शमशुद्दीनभाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आहे की! जसाच्या तसा. गिऱ्हाइकाची वस्तू आपण हलवत नाही."

खरं तर दुकानात ठळक पाटी होती, महिन्याच्या आत वस्तू न नेल्यास आम्ही जबाबदार नाही. फोनवर तेवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण शेखी मिरवायची सवय दुकानाबरोबर बंद होत नाही. दुकान बंद झालं, रिकाम्या हातांना करमेना, म्हणून त्यांनीच गेल्या वर्षी या सेटची पिक्चर ट्यूब काढून आत काचेची टाकी बसवली. काम इतकं झकास झालं की सोसायटीतले लोक बघायला आले. आता बाईंना बंद पेटी लांबूनच दाखवायची, पार्ट मिळत नाहीत म्हणून सांगायचं आणि चहा पाजून वाटेला लावायचं, असा त्यांचा बेत होता.

"अगं बाई, खरंच आहे की!" आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या. "खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकूसुद्धा तसंच आहे."

"मग? सांगितलं ना मी. पण आता पार्ट कुठले मिळायला..."

"मी न्यायला नाही आले." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "माफी मागायला आलेय. तुमच्याकडे टाकला त्याच आठवड्यात मुलानं नवीन सपाट टीव्ही आणला. तुम्ही फोन करायचात, मी सुनेला सांगायचे, घरी नाहीत म्हणून सांग. मंडईतून येताना तुमचं दुकान चुकवायला पलीकडच्या फुटपाथनं यायचे. चौदा वर्षं आमची अडगळ तुमच्या डोक्यावर. फार लाज वाटते हो. चुकलं माझं."

आणि त्यांनी हात जोडले.

बोलायचं तर आत्ताच, हे शमशुद्दीनभाईंना कळत होतं. बाईंना सेट नकोच होता. एका वाक्याचं काम होतं, वर दोघंही हसले असते. पण ते वाक्य काही बाहेर येईना.

"अहो, आपण मोठ्या आहात," ते म्हणाले. "हात कसले जोडता? गिऱ्हाइकाची वस्तू म्हणजे अमानत. मनात काही ठेवू नका. मीही ठेवलेलं नाही."

कमरजहांनं चहाचा ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली.

आनंदीबाईंनी दोन घोट घेतले. मग त्यांनी कान टवकारले. "बुडबुडतंय काय हो?"

चोराच्या मनात चांदणं. "वरची टाकी भरतेय," शमशुद्दीनभाई घाईनं म्हणाले.

बाई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. "गरम लागतोय." त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "अय्या, चालू केलात की काय? बघू!"

"नको, नको. अडकतं ते."

"अडकायचंच. जरा उचलून सरकवावं लागतं."

शटर दोन बोटांनी सरकलं.

खाणं मिळणार म्हणून सातही मासे काचेपाशी धावत आले आणि तोंडं उघडमिट करू लागले. शमशुद्दीनभाईंनी मान खाली घातली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माशांचं त्यांनी काहीतरी सांगून निभावलं असतं. पण पाच मिनिटांपूर्वी ही म्हातारी त्यांच्यासमोर हात जोडून बसली होती आणि त्यांनी मोठ्या मनाचा आव आणून तिला क्षमा केली होती. ते आता कुठल्या तोंडानं निभावायचं?

आनंदीबाई काचेजवळ वाकल्या. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, तसा एक नारिंगी मासा बोटामागून फिरला.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "हातात कला आहे तुमच्या."

"आनंदीबाई, मी सांगणारच होतो..."

"चहाही छान होता." त्यांनी पिशवी उचलली. दारात जाऊन भिंतीला धरून चपला घातल्या. शमशुद्दीनभाई मागोमाग गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाई थांबल्या.

"टीव्ही राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "माझी माफी तेवढी परत द्या."