तांड्याचं टपाल

हिंगोलीच्या पेटीत टाकलेलं पोस्टकार्ड तिसऱ्या दिवशी शिरड शहापूरच्या टपालात रत्नपालच्याच हातात आलं. अक्षर त्याचंच होतं. पत्ताही त्यानेच लिहिला होता : थावरा नाईक, नाईकाचा तांडा. त्याने कार्ड बाकीच्या टपालावर ठेवलं, झोळीत दुर्बीण आहे ना ते चाचपलं आणि सायकल काढली.

चौदा वर्षं तो या भागात टपाल वाटत होता आणि चौदा वर्षं पक्षी बघत होता. दोन्ही कामं एकाच सायकलवर. नियम एकच, तोही त्याने स्वतःच घालून घेतलेला. वाटेत दिसेल तो पक्षी वहीत लिहायचा. पक्ष्यासाठी वाट सोडायची नाही. हिंगोलीचे निवृत्त मास्तर किसनराव याच्या अगदी उलट. कुठे काही दुर्मीळ दिसल्याचा फोन आला की ते जीप करून निघायचे, पक्षी बघायचे, यादीत ‘टिक’ करायचे आणि चहा पिऊन परत. रत्नपाल त्यांना तोंडावर ‘टिकवाले’ म्हणायचा. किसनराव हसून सोडून द्यायचे.

२००३च्या पावसाळ्यात मात्र हसायची पाळी किसनरावांची आली. नाईकाच्या तांड्यामागच्या गवतात तणमोर उतरला होता. कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात त्याचा काळा-पांढरा नर मादीला दिसावं म्हणून गवतातून उभी उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. किसनराव दोनदा बघून आले.

“तांडा तुमच्याच बीटात ना?” ते म्हणाले. “घरात नाच चालू आहे अन् तुम्ही दार लावून बसलात. चला, जीपमध्ये जागा आहे.”

“आमी पक्ष्याच्या मागं न्हाई जात, सर.”

“मग त्यालाच निरोप धाडा, टपाल हापिसात ये म्हणून.”

तांडा बीटात, म्हणजे त्याच्या टपालवाटपाच्या हद्दीत होता हे खरं, पण रस्ता सोडून साडेतीन किलोमीटर आत. टपाल असलं तरच तिकडे जायचं. आणि टपाल येत नव्हतं. जुलै गेला, अर्धा ऑगस्ट गेला. गवत वाळायला लागलं की तणमोर निघून जातो. पुढच्या वर्षी तो याच माळावर येईल याची काही खात्री नसते. रत्नपाल पंधरा दिवस रोज सकाळी टपाल निवडताना तांड्याचं नाव शोधत राहिला. सोळाव्या दिवशी त्याने स्वतःच कार्ड लिहिलं. ‘सर्व खुशाल. पाऊसपाणी बरं आहे.’ खाली सही केली नाही. ते टाकायला हिंगोलीपर्यंत गेला, म्हणजे शिक्केही रीतसर बसले. नियम मोडला नव्हता. टपाल होतं म्हणूनच तो निघाला होता.

तो पोचला तेव्हा तांडा रिकामा होता. सगळी माणसं खुरपणीला गेलेली. त्याने शेवटच्या घराच्या कुडाला सायकल टेकवली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. दहा मिनिटं नुसतं गवत हललं. मग तणमोर वर आला. काळी मान, डोक्यामागे वळलेल्या पिसांच्या काड्या, पंखांवरचा पांढरा पट्टा. सगळं स्वच्छ दिसलं. थोड्या वेळाने पुन्हा. रत्नपालने कोपर कुडाला टेकवून दुर्बीण स्थिर धरली.

मागून पावलं वाजली. बांधावरून रूपाबाई धावत येत होती. साठीची बाई, अनवाणी, हातात खुरपं तसंच.

“पुण्याची चिठ्ठी हाय ना?” ती लांबूनच ओरडली. “रणजीतची हाय ना रं?”

रणजीत तिचा मुलगा. होळी झाल्यावर पुण्याला बांधकामावर गेला होता.

“न्हाई, मावशी. नाईकाच्या नावची हाय.”

“बघ की नीट. खाली राहिली असंल.”

नसणार हे ठाऊक असूनही रत्नपालने झोळी तिच्यासमोर रिकामी केली. एक-एक कागद उलटून दाखवला.

“बरं, नाईकाची तर नाईकाची,” ती दम खात म्हणाली. “वाच. कुणाची तरी खुशाली कळू दे.”

त्याने दोन ओळी वाचल्या.

“कोणी धाडली?”

नाव लिहिलेलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेही खोटं नव्हतं.

“मीच,” तो म्हणाला.

“तू? काहून?”

“तो पक्षी बघायचा व्हता. कागद असल्याबिगर तांड्यावर यायचं न्हाई, असं ठरवलं हाय मी.”

गवतातून तणमोर पुन्हा वर आला. रूपाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग रत्नपालकडे. ती चिडली नाही. हळूच खाली बसली, उजवा पाय मांडीवर घेतला आणि धावताना टाचेत मोडलेला बाभळीचा काटा खुरप्याच्या टोकाने काढू लागली.

“ठरवलंस ते बराबर हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “कागद असला तरच येत जा, दादा. तुझी सायकल दिसली की पायाखाली काय हाय, ते दिसत न्हाई आमाला.”