पिशवीवरचा चेहरा

“या छापाच्या जितक्या पिशव्या असतील तितक्या मला द्या,” बाई म्हणाली.

सूनबाईचं अर्धं लक्ष बाहेर होतं. कारखान्याच्या पुढच्या खोलीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या, व्यापारी संघाची मंडळी सत्काराला येऊ लागली होती आणि तिचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. त्यात ही मागच्या दाराने आलेली. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात पावाची रिकामी पिशवी. एवढं मोठं गिऱ्हाईक नेमकं आत्ताच कुठून उगवलं, असं तिच्या मनात आलं.

“सगळ्या? कुठलं दुकान तुमचं?”

“दुकान नाही.”

नुसत्या कागदी पिशव्या बनवल्या म्हणून कुणी कुणाचा सत्कार करत नाही. ही सगळी करामत सूनबाईची. पिशवीवर नाव असतं दुकानदाराचं, ती बनवणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही. हे तिला लग्न होऊन आल्यापासून सलत होतं. मग तिने युक्ती काढली. पिशवीच्या मागच्या बाजूला हरवलेल्या माणसाचा फोटो, त्यावर ‘यांना पाहिलंत का?’ आणि खाली चांगल्या ठळक अक्षरात कारखान्याचं नाव, पत्ता, फोन. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं. “आपण पिशव्या विकतो की पोलीसचौकी चालवतो?” पण बेकरीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळे हीच पिशवी मागायला लागले. हरवलेली माणसं खरोखर घरी पोचू लागली. आता तेच सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला धरून धरून ‘आमची कल्पना’ सांगत होते.

बाईने रुमाल खाली ओढला. सूनबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या पिशवीकडे.

“अगं बाई, तुम्ही?” तिने बाईचे दोन्ही हात धरले. तिला आनंदाने बोलणं सुधरेना. “अहो, तुमचे मिस्टर बाहेरच बसलेत. कार्यक्रमाला मुद्दाम बोलावलंय त्यांना. फोटो द्यायला आले होते तेव्हा इतके रडले, इतके रडले, की आमचे मशीनवरचे काकासुद्धा डोळे पुसत होते. थांबा, हाक मारते.”

बाईने तिचे हात सोडले नाहीत. उलट घट्ट आवळले.

“रडतोच तो,” ती म्हणाली. “मारून झालं की दर वेळी रडतो.”

हाक मारायला वळलेली सूनबाई मागे फिरली.

“मी हरवले नाही, ताई. मी निघून आले. शिवणाच्या कारखान्यात काम करते. पोटापुरतं मिळतं, रात्री झोप लागते. शहर मोठं आहे, कुणाला पत्ता लागणार नाही, असं वाटलं होतं. काल शेजारी बसणारीने पाव आणला. तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आता कुठे जाऊ, तुम्हीच सांगा.”

फोटो घेताना त्या माणसाला तिने काय काय विचारलं होतं, ते सगळं सूनबाईला आठवलं. उंची किती, रंग कसा, अंगावर साडी कुठली होती. बायको घरातून का गेली असेल, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. हरवलेलं माणूस शोधायचं असतं, एवढंच ती धरून चालली होती. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

मग तिने जाऊन मशीन बंद केलं. काका म्हातारे, चिडके. ते काही बोलणार, तोच तिने छापून पडलेला गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. “काका, हे सगळं फाडून टाका. एकही बाहेर जाता कामा नये.” बाईला म्हणाली, “दुकानांत गेलेल्या पिशव्या उद्या मी स्वतः जाऊन परत आणते. तुम्ही आल्या दाराने जा. आणि तोंडाला रुमाल पुन्हा बांधा, काढू नका.”

बाई गेली. सूनबाईने मागचं दार लावलं, कडी घातली, पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“सूनबाई, लोक खोळंबलेत,” सासरे दारात येऊन म्हणाले. “कोण आलं होतं?”

“गिऱ्हाईक होतं. आपल्याकडे त्यांच्या उपयोगाचं काही नव्हतं.”

पुढच्या खोलीत तिला पाहताच तो माणूस उठून उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, जोडलेले हात, डोळ्यांत पाणी तयार.

“काही कळलं का हो, ताई?”

“नाही,” ती म्हणाली. इतकं बेमालूम खोटं तिला बोलता येतं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ती खुर्चीत बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. सासऱ्यांनी डोळे वटारले.

संघाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले की आवरत नाहीत. आजही त्यांनी पिशवीपासून सुरुवात करून समाजापर्यंत मजल मारली. मग म्हणाले, “आता एक गंमत. यांच्या पिशवीमुळे सर्वांत आधी घरी परत आलेली मुलगीच आज सूनबाईंना पुष्पगुच्छ देणार आहे.”

टाळ्या पडल्या. कॉलेजच्या वयाची एक मुलगी पुढे आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचे वडीलही आले. फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. मुलीने फुलं पुढे धरली.

सूनबाईने फुलं घेतली नाहीत. ती वाकली आणि अगदी हळू विचारलं, “कशी आहेस गं?”

मुलीने आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरी आहे.”